दुसऱ्या मजल्यावरची पिवळी खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. पण जिच्यासाठी माणसं एकमेकांचे पाय ओढतात, ती मी नव्हे. माझ्यासाठी आजवर कुणी भांडलेलं नाही. मी जिना उतरवणारी खुर्ची. या सभागृहाच्या दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, भिंतीवरच्या हुकाला पिवळ्या गवसणीत टांगलेली असते. आग लागली तर चालता न येणाऱ्या माणसाला माझ्यात बसवायचं आणि एकाने मागून धरून खाली न्यायचं, एवढंच माझं काम. माझ्या पाठीला रबरी पट्टे आहेत. अंगावर वजन पडलं की ते पायरीची कड घट्ट धरतात.

कारखान्यात माझ्यात वाळूची पोती बसवली आणि मला तीस वेळा जिन्यावरून उतरवलं. पोती शहाण्यासारखी बसली. मला वाटलं, आता माणसं बसतील. तीन वर्षांत एकही बसलं नाही.

इथे मी आले ती लिफ्टबरोबर, सासरी पाठराखीण यावी तशी. लिफ्ट आणली ऑपरेटरबाईंनी. या बाई टेलिफोन खात्यात ऑपरेटर होत्या, आता निवृत्त. कमरेखालचं अंग गेलेलं, चाकांच्या खुर्चीशिवाय हलता येत नाही. इथल्या गाण्यांचा आवाज त्यांना खालच्या फाटकाशी ऐकू यायचा, पण दुसरा मजला गाठायचा कसा? चार वर्षं त्या संस्थेला पत्रं लिहीत राहिल्या. शेवटी लिफ्ट झाली, फीत कापली, पितळी पाटी लागली. माझं नाव कुठल्या पाटीवर नव्हतं. कागदोपत्री माझ्याशिवाय परवानगी मिळेना, म्हणून मला आणलं होतं.

मला चालवायला शिकला तो एकटा जुना पहारेकरी. हौशी माणूस. गवसणी काढून फडक्याने पुसायचा, माझ्याशी बोलायचाही. तो निवृत्त झाला आणि माझी विद्या त्याच्याबरोबर घरी गेली. नव्या पहारेकऱ्याला मी घडीचा पलंग वाटले. त्याने माझ्या हुकाला आपली छत्री अडकवली. मग माझ्यासमोर फुलांचा स्टँड आला, त्याच्यामागे जुने फलक. हळूहळू मी दिसेनाशी झाले.

मध्ये एकदा तपासणी होती. संस्थेच्या कार्यवाहांनी मला घाईघाईने बाहेर काढलं. माझ्यात बसायला कुणी तयार होईना, म्हणून मला रिकामीच खाली नेलं. वजन नसल्याने माझे पट्टे धरेनात, मी पायरीपायरीवर आपटत, खडखडत उतरले. रिकामी खुर्ची सुखरूप पोहोचली म्हणून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फोटोही निघाला.

तो फोटो सूचनाफलकावर ऑपरेटरबाईंनी पाहिला. त्या दिवशी त्या लिफ्टने वर आल्या त्याच गंभीर चेहऱ्याने. लिफ्टच्या आत एक छोटी पट्टी आहे, 'आग लागल्यास लिफ्ट वापरू नये'. उभ्या माणसाच्या ती कमरेशी येते, बाईंच्या मात्र थेट डोळ्यांसमोर. त्यांनी स्टँड बाजूला करवला, माझी गवसणी उघडली आणि माझ्या पाठीवरचं सूचनांचं कार्ड ओठ हलवत वाचलं. पाठ करत होत्या. एवढ्या वर्षांत माझं कार्ड वाचणाऱ्या त्या पहिल्याच. मला फार बरं वाटलं, आणि लगेच भीतीही वाटली.

कार्यवाह आले तेव्हा त्या म्हणाल्या, "चार वर्षं मी तुमच्याकडे फक्त वर यायचं मागत राहिले हो. खाली जायचं माझ्याही डोक्यात आलं नाही."

"ताई, चांगलं चाललंय तर अभद्र कशाला बोलता? वीस वर्षांत इथे साधा फ्यूज उडाला नाही."

"मग एकदा माणूस बसवून उतरवा. मीच बसते. काही हलकी नाहीये मी, चांगली परीक्षा होईल."

कार्यवाह हसले. माणूस वाईट नाही, फक्त नेहमी घाईत. रविवारचा कार्यक्रम होऊ दे, मग नक्की, असं म्हणून ते निघून गेले.

रविवारचा कार्यक्रम बाईंच्याच सत्काराचा होता. 'सर्वांसाठी खुलं सभागृह' असा फलक लागला. आणखी माणसं हवीत म्हणून बाईंनी स्वतः फोन केले. कधी घराबाहेर न पडणारे, चाकांच्या खुर्चीतले पाच जण त्यांच्या शब्दावर आले. सकाळी दहापासून लिफ्टने सहा फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीला मी मोजत होते, वर सहा आणि खाली नेणारी मी एक. फोटोत नीट यावेत म्हणून सहाही जणांना अगदी पुढच्या रांगेत बसवलं होतं, दारापासून सर्वात लांब.

भाषणं सुरू झाली. जळक्या रबराचा वास मला आधी आला. रंगमंचामागच्या खोलीत तारा तापत होत्या. मी काय करणार, टांगलेली. मग दिवे गेले, लिफ्ट मधल्या मजल्यावर थांबली. सभागृहात लोक हसले, कुणीतरी शिट्टी मारली. मग कुणीतरी "धूर" म्हणालं आणि हसणं थांबलं.

तीन मिनिटांत सभागृह रिकामं झालं. शेकडो माणसं माझ्यासमोरून गेली, पिशव्या माझ्यावर आपटल्या. शेवटी बोळात चाकांच्या सहा खुर्च्या उरल्या आणि त्यांच्यापाशी दोनच माणसं, कार्यवाह आणि माइक सांभाळणारा साउंडवाला.

कार्यवाहांनी मला हुकावरून ओढलं. कुठला दांडा ओढायचा ते त्यांना कळेना. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, अगदी शांत, नंबर जोडून देताना असेल तसा. "लाल दांडा खाली दाबा. उघडली ना? आता कमरेचा पट्टा लावा. मागे झुकवा. घाबरू नका, वजन बसलं की ती आपोआप धरते."

"ताई, आधी तुम्ही बसा," कार्यवाह म्हणाले.

"मी शेवटी. मी बोलावलंय त्यांना."

माझ्यात पहिला माणूस बसला. आयुष्यात पहिल्यांदा माणसाच्या वजनाने माझे पट्टे पायरीला चिकटले. चव्वेचाळीस पायऱ्या. खाली पोहोचलो की वरून हाक यायची, "पोचले का?" खालून "पोचले" म्हटलं की पुढच्याची तयारी. दुसरा उतरला, तिसरा उतरला. चौथ्या वेळी धूर जिन्यात आला होता. कार्यवाह साठीचे, पण दर वेळी तेच मागे धरायचे, आणि वर जाताना ते आणि साउंडवाला मला उचलून पळायचे.

पाचवा आत्ताच उतरला. त्याला दुसऱ्या खुर्चीत बसवलंय. कार्यवाह पायरीवर बसले आहेत, त्यांना श्वास घेता येत नाही. साउंडवाल्याने मला उचललं होतं, पण चौघांनी त्याला दंडाला धरून मागे ओढलं. बंब निघालाय, थांब, म्हणतात.

वरून हाक आली. "पोचले का?"

"पोचले," साउंडवाला ओरडला.

त्याला आता बराच वेळ झाला. त्यानंतर वरून काही आलेलं नाही.

लोक माझ्याभोवती उभे आहेत आणि माझ्याकडे पाहत आहेत, जणू मी काहीतरी करीन. अहो, मला जिना उतरता येतो, चढता येत नाही. मला वर न्यायला कुणाचे तरी हात लागतात. बाई वर एकट्या आहेत. मला उचला.