मलासुद्धा नाही

आईला बँकेचं ॲप शिकवण्यात थोरलीने चार रविवार घातले. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. लेबल नसलेल्या बाटलीतलं पाणी ताईच्या घशाखाली उतरत नाही, असं धाकटी म्हणायची. आईला शिकवतानाही तिने तीच शिस्त लावली. पासवर्ड कुठे लिहून ठेवायचा नाही. बँकेतून बोलतोय म्हणून कोणी विचारला, तर फोन ठेवून द्यायचा. तीनदा चुकला तर खातं बंद पडतं, म्हणून सावकाश टाकायचा. आणि कोणालाही सांगायचा नाही.

"तुलासुद्धा?" शिलाई मशीनवरची मान वर करून आईने विचारलं.

"मलासुद्धा नाही."

"मला काय शिकवतेस, मास्तरीणबाई. तीस वर्षं बायकांची मापं घेतेय. एकीच्या कमरेचं माप दुसरीला कळलंय कधी?"

पाचव्या रविवारी थोरली आली तेव्हा दार उघडंच होतं. आई आणि धाकटी डोक्याला डोकं लावून फोनमध्ये बघत होत्या. आई हळूच काहीतरी म्हणाली, धाकटी खो खो हसली, आणि थोरलीची चाहूल लागताच फोन कापडाच्या ढिगाखाली गेला.

"काय चाललंय?"

"कुठे काय," दोघी एकदम म्हणाल्या.

थोरलीने त्या ढिगाकडे पाहिलं. म्हणजे हिला पासवर्ड सांगितला. खपायचं आपण, नियम पाळायचे आपण, आणि कानात सांगायचं ते धाकटीच्या. लहानपणी तरी वेगळं काय होतं? दोघींचे फ्रॉक एकाच ताग्यातले, पण झालर एकीपुरतीच उरली की ती नेहमी धाकटीच्या फ्रॉकला लागायची.

थोड्या वेळाने एक गिऱ्हाईक बाई आली. तिला फोनवर गळ्याचे नमुने दाखवून आई माप घ्यायला आतल्या खोलीत घेऊन गेली. धाकटी चहा ठेवायला उठली. फोन मशीनवर तसाच उघडा राहिला.

थोरलीने ॲप उघडलं. पैशाला तिला हात लावायचा नव्हता. पुरावा हवा होता, एवढंच; धाकटीला सांगितलेला पासवर्ड धाकटीच्याच नावाचा असणार. तिने धाकटीचं लाडाचं नाव आणि जन्मसाल टाकलं. चूक. धाकटीच्या मुलीचं नाव आणि साल. चूक. इथे थांबायला हवं होतं. पण प्रयोगशाळेत कुठलाही नमुना तीनदा तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहीत नाहीत, आणि हाताला सवय लागलेली. तिसऱ्यांदा, कोणाला काही कळायच्या आत, तिने स्वतःचंच नाव टाकलं.

तेही चूक. खाली लाल अक्षरं उमटली आणि पाठोपाठ मेसेज वाजला. तिने फोन होता तसा ठेवून दिला.

गिऱ्हाईक गेल्यावर आईने चष्मा लावून मेसेज वाचला आणि गळ्यातल्या टेपसकट मटकन खाली बसली. "कोणीतरी तीनदा आत शिरायला बघितलं. खातं बंद केलंय बँकेने." मग तिची नजर स्वयंपाकघराकडे गेली. "धाकटे, सकाळपासून फोन तुझ्या हातात होता. काही दाबलंस का?"

"मी?" धाकटी गाळणं घेऊन दारात आली.

"तू बघतेस एक आणि दाबतेस भलतंच. मागे माझे सगळे फोटो उडवलेस."

थोरली गप्प बसली. चाळीशीला टेकलेल्या बाईने असं गप्प बसू नये, पण त्या दोन-चार क्षणांची गोडी तिने चाखली. आज पहिल्यांदा बोलणी धाकटीला बसत होती.

"ताई, तू तरी सांग ना हिला," धाकटी रडवेली होऊन म्हणाली. "मी खरंच ॲप नाही गं उघडलं."

गोडी तिथेच उतरली.

"मी उघडलं," थोरली आईला म्हणाली. "मला वाटलं, तू हिला पासवर्ड सांगितलास."

 आईने फोनमधला एक मेसेज काढून तिच्यापुढे धरला. कोणा भामट्याने पाठवला होता. खातं आजच बंद होईल, ताबडतोब पासवर्ड कळवा, हयगय खपवून घेतली जाणार नाही.

"हिला म्हटलं, चोर अगदी आपल्या मास्तरणीसारखा बोलतो. अजून पुसला कसा नाहीस म्हणून तू ओरडशील, म्हणून झाकला."

"आणि मला कशाला सांगेल ती?" धाकटी नाक पुसत म्हणाली. "माझाच मला आठवत नाही."

"चार रविवार मला चोराची भीती घातलीस," आई म्हणाली, "आणि पाचव्या रविवारी तूच आलीस."



दुसऱ्या दिवशी ती अर्धी रजा काढून आईला बँकेत घेऊन गेली. धाकटीही आली. काउंटरवरच्या बाईने कागद तपासले, कीबोर्ड आईकडे सरकवला आणि म्हणाली, "नवा पासवर्ड टाका, काकू."

आईने दोघी मुलींकडे पाहिलं. "तोंडं फिरवा."

दोघी शाळेत शिक्षा झाल्यासारख्या भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. मागे एकेक बटण सावकाश वाजू लागलं. एक, दोन, तीन. आपण मोजतोय हे सहाव्या बटणाला थोरलीच्या लक्षात आलं. तिने पटकन दोन्ही कानांत बोटं घातली आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूला पाहिलं. धाकटी भिंतीवरचं कॅलेंडर बघत जांभई देत होती.

तरीही थोरलीने तिला कोपराने ढोसलं.

"कान झाक," ती पुटपुटली.