पगारी भाची

पुनाराम आयुष्यात एकदाच डोकं लावून खोटं बोलला, अन् तेच त्याच्या अंगलट आलं. एरवी बिनडोक बोलायचा, तेव्हा सगळं निभून जायचं.

लकव्यानं त्याच्या बायकोची, तुळसाबाईची, उजवी बाजू गेली. जीभ मात्र शाबूत राहिली. कूस बदलणं, धुणं-पुसणं, सगळं दुसऱ्याच्या हातून; अन् पाठीवर जखम होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरनं बजावलेलं. लेक राखी गोंदियाला सासरी. ती दर फोनवर विचारायची, "बाबा, पैसे पाठवू का?" अन् पुनाराम दर वेळी ऐट मारायचा, "काहून? आमाले का कमी हाय?" लेकीचा पैसा घेण्यापेक्षा नाक कापून घेतलेलं बरं, असा त्याचा हिशेब. मग खदानीच्या तुटपुंज्या पेन्शनीतून त्यानं तुळसाबाईचं करायला गीताला पगारावर ठेवलं. ती आधी एका दवाखान्यात आयाचं काम करायची.

आता पगाराचं कळलं असतं तर तुळसाबाईनं अन्नच सोडलं असतं. "माह्यापायी पैसा उडवू नका," हा तिचा रोजचा जप. म्हणून पुनाराम म्हणाला, "हे माह्या तिरोडीच्या चुलतबहिणीची पोरगी. मायेनं आली सेवा कराले."

म्हणजे भाची. इतका हुशार माणूस भरवेलीच्या खदानीत पुन्हा झाला नाही.

तुळसाबाईनं डाव्या हातानं पदर सारखा केला. "भाची दारात अन् तुमी उभेच? पाया पडा."

पडला बिचारा. आपल्याकडे भाची म्हणजे देव. मामा तिच्या पाया पडतो, तिला उष्टं ताटसुद्धा उचलू देत नाही, अन् हा शहाणा तिच्याकडून बेडपॅन उचलून घेणार होता. गीता चादर बदलायला वाकली तशी तुळसाबाई म्हणाली, "हात नको लावू, माय. मले नरकात पाठवतं का?"

मग काय, काम आलं पुनारामच्या गळ्यात. गीता खुर्चीवर बसून सांगायची, "मामाजी, उशी गुडघ्याखाली. हौ, तशी." पगार तिला, घाम याचा. वरून दोन्ही वेळा ताट आधी भाचीचं. गीतालाच लाज वाटायची. "काकाजी, फुकटचा पैसा घेऊन राह्यली मी," ती चुलीपाशी कुजबुजायची. तो म्हणायचा, "चूप बस, भाची."

सत्तरीच्या कमरेनं दिवाळीपर्यंत दम धरला. मग एका सकाळी तुळसाबाईला कुशीवर घेताना उसण भरली अन् ती हातातून सुटली. गीतानं झेप घालून धरलं म्हणून खाली पडली नाही. पाठीवर पाहतात तर लाल चट्टा, कातडं सुटायच्या बेतात. गीता हळूच म्हणाली, हे वाढलं तर हाडापर्यंत जाते. आपल्या शहाणपणापायी आपली बायको खाटेवर सडणार, हे पुनारामला लख्ख दिसलं, अन् त्याला रडू फुटलं.

"भाची नाही हे," तो म्हणाला. "पगारी हाय."

तुळसाबाईनं गीताला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "पेन्शनीत भागते?"

"नाही."

"मंग राखीले लावा फोन."

"लेकीचा पैसा? अवं, लोक थुकतीन माह्या तोंडावर."

"परक्या बाईले पगार देऊन भाची केली तुमी, अन् पोटच्या पोरीले परकी करून ठेवली. लावा फोन."

राखीनं लगेच उचलला. खदानीत साहेबाच्या टेबलावर हात आपटून मागण्या मांडणारा गडी, पण आता भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

"बेटा, थे तू विचारत जातं ना, पैशाचं," तो कसाबसा म्हणाला. "पाठव."

पलीकडे सगळं चूप. पोरगी नवऱ्याला काय सांगायचं ते जुळवत असेल, असं याला वाटलं. हाही अंदाज चुकलाच.

"बाबा," राखी रडत म्हणाली, "इतके दिवस नाही म्हणत होते तुमी, मले वाटे माह्यावर रागच हाय तुमचा."

पुनारामनं फोन तुळसाबाईच्या कानाला लावला अन् गीताला चादर बदलायला जागा करून दिली.