लॅपटॉपचं कव्हर

आमच्या घरात उघडी वस्तू राहत नाही. मिक्सरला कव्हर, शिलाई मशीनला कव्हर, रिमोटलासुद्धा. सगळी सासूबाईंनी शिवलेली. "फार वेळ एका जागी बसू नकोस, तुलाही एक शिवतील," असं नवरा मला म्हणतो.

लॅपटॉप तेवढा सुटला होता. तो कायम माझ्या मांडीवर, नाहीतर गादीवर. तिथेच तापायचा, घरघरायचा आणि पटकन बंद पडायचा. एरवी मी नुसती चरफडले असते, पण त्यात धाकटीचा व्हिडिओ होता.

धाकटी एकोणीस दिवस जगली. सगळे दिवस दवाखान्यात, काचेच्या पेटीत. आत फक्त मला सोडायचे. अठराव्या दिवशी मी चार मिनिटांचा व्हिडिओ काढला, लॅपटॉपवर घेतला आणि फोन भरला होता म्हणून फोनवरचा पुसून टाकला. म्हटलं, आता काय, रोजच काढायचेत.

सासूबाईंनी नात पाहिलीच नाही. सात महिने मी व्हिडिओचं नाव काढलं की त्या "आज नको" म्हणायच्या. परवा मात्र भाजी निवडता निवडता आपणहून म्हणाल्या, "रविवारी सगळे बसून बघू गं."

मी लॅपटॉप घेऊन दुरुस्तीवाल्या बाईंकडे धावले. त्यांनी मागचं झाकण उघडून पंख्यातून धुळीचा अख्खा बोळा काढला.

"डिस्कचंही काही खरं नाही. एकेक फाइल काढायला जाल तर अडकेल, सगळी डिस्कच एकदम उतरवून घ्यायला हवी. ठेवून जा, चार दिवसांनी देते."

ठेवून जायचा मला धीर झाला नाही. मग त्यांनी एक रिकामी डिस्क दिली आणि सगळं तिच्यावर कसं उतरवायचं ते दाखवलं. "दोन तास लागतील. गादीवर ठेवू नका, खालून वारा जाऊ द्या. मध्येच तापून बंद पडला तर काहीच हाती लागायचं नाही. आणि मग मला रडून दाखवू नका हं, मला झेपत नाही."

रविवारी सकाळी मी टेबलावर दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर लॅपटॉप ठेवला, शेजारी टेबलफॅन लावला आणि डिस्क उतरवायला सुरुवात केली. थोरलीचे केस कापायला बाहेर जायचं होतं.

"आई, याला हात लावू नका हं."

"मी कशाला लावू बाई! मला काय कळतंय त्यातलं?"

तासाभरानं परतले, तर लॅपटॉपवर कव्हर. पिवळं, बारीक फुलांचं, अर्धवट मिटलेल्या झाकणावरून थेट वाट्यांपर्यंत ओढलेलं, खाली नाडी घट्ट बांधलेली. पंखा बंद.

"हात नाही लावला बरं का, वरून नुसतं घातलंय. पंख्यानं उडत होतं म्हणून तो बंद केला. कसं बसलंय बघ!"

कापड मी ओळखलं. धाकटीच्या फ्रॉकसाठी आणलेलं.

मी नाडी सोडली. आतून गरम हवेचा भपकारा आला. पडदा काळा होता.

दुरुस्तीवाल्या बाईंनी दुपारभर खटपट केली आणि स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "गेलं," एवढंच म्हणाल्या, आणि माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.

संध्याकाळी सासूबाई चष्मा पुसून बसल्या. "लाव गं."

"आई, तो बिघडला. त्यातलं सगळं गेलं."

"माझ्या कव्हरमुळे?"

"छे हो! जुनाच झाला होता. आज ना उद्या जाणारच होता."

नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. सासूबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तू पाहिलंयस ना? मग तू सांग मला."

मी सांगायला लागले. आधी एक जांभई. मग कपाळाला आठी, कुणी उठवलं म्हणून रागावल्यासारखी. मग अंगावरच्या फडक्यातून एक हात बाहेर येतो, पाचही बोटं ताणली जातात...

"कुठला हात?"

उजवा म्हणणार होते. मग वाटलं, डावा. मी पेटीच्या कुठल्या बाजूला उभी होते? डोळे मिटून पाहिले. आठवेना.

"असू दे," सासूबाई म्हणाल्या. "तू पुढचं सांग."

पुढचंही मला नीट आठवत नव्हतं. मी सांगत राहिले.