चाळीस सेकंद

“हा तुमचा नवा राखणदार म्हणतो मेला, आणि तपासणीचा प्रोग्राम तर चाललाय!” प्रयोगशाळेचे साहेब पडद्यावर बोट ठेवून म्हणाले. “दोनला वॉर्डातून रक्ताचे नमुने येतील. काकांच्या जुन्या स्क्रिप्ट काढून टाका, बाई. एका म्यानात दोन तलवारी कशाला?”

तिनं खुर्ची पुढे ओढली. “काढायचं काही नाही. कामं वाटून द्यायचीत.”

सर्व्हर सुरू झाला की कोणता प्रोग्राम आधी, कोणता नंतर, हे तेव्हा इथले संगणक सांभाळणाऱ्या काकांनी बावीस वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतं. त्या स्क्रिप्ट प्रोग्रामला उठवून द्यायच्या आणि मोकळ्या व्हायच्या. पुढे तो बंद पडला, तर सर्व्हरच्या कपाटावर चिकटवलेल्या कागदावरचा नंबर फिरवायचा. नंबर काकांचा. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तोच. मागच्या महिन्यात असाच फोन गेला आणि इकडे यायला निघालेले काका चक्कर येऊन जिन्यात बसले. तेव्हाच तिनं ठरवलं, पडलेल्याला आपोआप उभं करणारा राखणदार प्रोग्राम बसवायचा.

आज काकांना कोणी बोलावलं नव्हतं. तरी ते आले होते, मागे स्टुलावर बसले होते.

“पोरी, माझा प्रोग्राम लाजरा आहे,” ते म्हणाले. “सुरू झाला की पडद्याआड जातो. तुझ्या राखणदाराला तो दिसत नाही, म्हणून तो दुसरा उठवतो. दुसऱ्याला जागाच नाही, तो मात्र खरंच मरतो. मग तिसरा.”

“कळलंय काका. म्हणून आता त्याला समोरच उभं राहायला सांगितलंय. आणि तुमची स्क्रिप्ट त्याला उठवणार नाही. ती राखणदाराला उठवेल, तो त्याला.”

“आणि माझे चाळीस सेकंद?”

साहेब हसले. “ते कशाला? उगीच वेळ खातात.”

“ठेवलेत,” ती म्हणाली. “तपासणीचं यंत्र गरम व्हायच्या आत प्रोग्राम बोलायला गेला, तर ते दिवसभर रुसतं. क्रमही काकांचाच. राखणदार सगळ्यांत शेवटी.”

तिनं सर्व्हर बंद करून पुन्हा सुरू केला. ओळी सरकत गेल्या आणि एकीवर थांबल्या: यंत्र गरम होतंय, थांबा. काका बोटांच्या पेरांवर मोजत होते. चाळीस झाले. यंत्रावर हिरवा दिवा लागला.

“आता मारते,” ती म्हणाली.

“अहो, चांगला चाललाय की!” साहेब ओरडले.

तिनं प्रोग्राम बंद पाडला. दोन सेकंदांत तो पुन्हा उभा.

“परत मार,” काका पुढे सरकले.

पुन्हा उभा. तिसऱ्यांदाही.

काकांनी मान डोलावली. “बेस. मला पाऊण तास लागायचा. तोही बस मिळाली तर.”

ते उठले, कपाटापाशी गेले आणि तो कागद नखानं सावकाश सोडवू लागले. एक कोपरा फाटला. कागदाची चौकोनी घडी त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवली.

“किती वाजले?”

“पावणेदोन.”

“नमुने येईस्तोवर बसतो,” काका म्हणाले. खिशातला फोन काढून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला.