आईला न घेता गेलेली बस

तोलोगोनने बिश्केकमध्ये सोळा वर्षं भाड्याची मिनीबस हाकली होती. तिथे नियम एकच, हात दिसला की ब्रेक! मग ते कुणाचं फाटक असो की रोटीची भट्टी. आणि म्हातारं माणूस दिसलं तर थेट त्याच्या पुढ्यातच. म्हाताऱ्याकोताऱ्यांना रस्त्यावर सोडून जाणाऱ्याचं तोंड बघू नये, असं त्यांच्यात मानतात. बरोबरच आहे की हो!

पण आता तो पालिकेच्या छोट्या हिरव्या बसवर होता. डोंगराकडच्या नव्या वस्तीतली माणसं घ्यायची आणि सात चाळीसच्या आत चौकात सोडायची. तिथे शहरात जाणारी मोठी बस उभी असायची. दोन्ही बसना एकच कार्ड चालायचं. महिन्याभराच्या चाचणीत मोठी बस चारदा चुकली, तर वस्तीची बस बंद होणार होती. मग पुन्हा चिखलातून तीन किलोमीटर पायपीट. आणि तोलोगोनच्या थांबण्याच्या खोडीपायी तीनदा चुकलीच होती.

आज चाचणीचा शेवटचा दिवस. सात चौतीसला त्याने वळण घेतलं, तर थांब्याच्या दोनशे पावलं अलीकडे पांढरा रुमाल बांधलेली एक बाई हात करून उभी. जवळ आल्यावर कळलं, त्याचीच आई, त्याची अपा!

"थांब रे, तुझी अपा आहे!" मागून म्हातारा शारशेन ओरडला.

"थांबा पुढे आहे, आजोबा."

"अरे, जन्म दिलाय तिनं तुला! लाज कोळून प्यायलास काय?"

तोलोगोनने पाय ब्रेकवर नेला आणि परत काढला. थांब्यावर दोघंजण चढले, दार लागलं. आरशात अपा अजून निम्म्या वाटेतच होती. त्याचे कान लालबुंद झाले, डोळे भरून आले, पण बस पुढे गेली.

सात एकोणचाळीसला तो चौकात पोचला. एकवीस माणसं मोठ्या बसमध्ये चढली. शारशेन त्याच्याकडे न बघताच उतरला. दुपारी आगारातून फोन आला, वस्तीची बस कायम झाली होती.

संध्याकाळी तोलोगोन मधाची बरणी घेऊन, मान खाली घालून घरी गेला. अंगण शेजारणींनी भरलेलं, चहा चाललेला.

"अपा, चुकलं माझं..."

"गप रे!" अपा शेजारणींकडे वळली. "बघा, हाच तो! सख्खी आई हात करून उभी, तरी थांबला नाही! शहरातल्या भल्याभल्या बसना जमतं का हे? आता आपल्या वस्तीला आडगाव म्हणून दाखवावं कुणी!"

तोलोगोनची छाती अशी फुगली की सदऱ्याची गुंडी तुटायची.

"आणि तू ऐक," अपा त्याला म्हणाली, "उद्या सात पस्तीसला मी थांब्यावर उभी असेन. एक मिनिट उशीर केलास तर बघ!"