ऑर्व्हिलची सुरावट

कॅन्सस सिटीच्या आमच्या बँडने धून कधी कागदावर उतरवली नाही; सगळं डोक्यात. रेकॉर्डिंगच्या दिवशी आम्ही पाच म्हातारे उरलो होतो आणि शेवटची सुरावट एकट्या सॅक्सोफोनवाल्या ऑर्व्हिलला ठाऊक होती. तेव्हा त्याला बायकोचं नावही आठवत नसे.

रीत अशी, की ज्याची एकट्याने वाजवायची पाळी, तो वादक उभा राहीपर्यंत बाकीच्यांनी तेच कडवं घोळवायचं. आम्ही घोळवत राहिलो. ऑर्व्हिल बसूनच. ट्रम्पेटवर माझे ओठ सुजले.

"ऊठ की म्हाताऱ्या!" ड्रमवरून क्लीटस ओरडला. "हात गळाले माझे!"

"मग पळतोस कशाला, गाढवा?" ऑर्व्हिल म्हणाला. "सावकाश घे."

क्लीटसने लय उतरवली. ऑर्व्हिल उभा राहिला आणि त्याने सगळी सुरावट वाजवली.

रेकॉर्डवर ते ओरडणंही आहे.