सहा कप आणि एक टांगता ट्रे

मी कॉफीचा टांगता ट्रे बोलतोय. जरा हळू बोलतो, चालवून घ्या. दमलोय हो फार. खाली गोल पत्रा, वर तीन दांड्या, त्यांच्या टोकाला एक कडी. कडी बोटांत धरली की मी खाली लोंबकळतो. झालं, एवढंच माझं अंग.

ग्रीसमधल्या थेसालोनिकीच्या जुन्या बाजारात एका पत्रेवाल्याने मला ठोकून घडवलं. तिथेच स्ट्रातोसच्या कॉफीच्या दुकानात मी तीस वर्षं राबलो. कॉफी मागवणारे बाजारातले दुकानदार महाखट! कॉफीवरचा फेस मोडला असेल, तर कप तोंडाला न लावता परत धाडतात. कडी झिजली तसा स्ट्रातोसने नवा ट्रे आणला आणि मला पोलिक्सेनीबाईंना देऊन टाकलं. म्हटलं, सुटलो एकदाचा!

कसला सुटतोय? या बाई ऑक्युपेशनल थेरपिस्ट. शाळा संपली, पण कॉलेजात किंवा कामावर एकट्याने जाताना अडखळतात, अशी तरुण मुलंमुली त्यांच्याकडे येतात. बस पकडणं, अर्ज भरणं, अंडं तळणं, सगळं बाई घोटून घेतात. माझ्यात पाण्याचे पेले ठेवून जिना चढायला लावतात, दिवसातून वीस वेळा. माझ्या जुन्या हाडांचा विचार कोण करतो?

मिर्सिनी एकोणीस वर्षांची. तिचे हात जन्मापासून थरथरतात. बेकरीत दोन दिवस टिकली, फुलांच्या दुकानात एक. दोन्हीकडून गोड बोलून घरी पाठवली. "गोड बोलतात ना, त्याचाच संताप येतो," ती म्हणायची.

साधा ट्रे तिच्या हातात नुसता नाचायचा. मग बाईंनी मला खिळ्यावरून काढलं. तिचा हात वर थरथरला तरी मी खाली आपला झुलत राहतो आणि पाणी सांडत नाही. अट एकच, मला मध्येच कुणी धरायचं नाही.

तिची आई आन्थुला मात्र रोज "अगं, पडेल गं!" म्हणत माझा काठ धरायची, की पाणी फरशीवर. बाई ओरडायच्या, "हात खिशात, आन्थुलाबाई! पोरीआधी तुम्हालाच शिकवायला हवं." आईला शेवटी खिसेवाला झगा घ्यावा लागला.

बाईंनी स्ट्रातोसकडे तिच्या नोकरीसाठी गळ घातली. अखेर तो म्हणाला, "एक फेरी मारू दे तिला. सहा कप. जमलं तर नोकरी, नाही तर राम राम. उगाच दयामाया नाही हं."

शनिवारी सकाळी आम्ही निघालो. मिर्सिनी पुढे, बाई दहा पावलं मागे. मसालेवाल्याचा कप पोचला, चांभाराचाही पोचला, फेस शाबूत. मग मासळीची गल्ली, ओलीचिंब फरशी. मिर्सिनीचा पाय किंचित सरकला. मी झुललो, आपोआप सावरलोही असतो. जन्मभर दुसरं केलंय काय? पण बाई धावल्या आणि, अरे देवा, दोन्ही हातांनी मला घट्ट धरलं.

दोन कप आडवे. कॉफी बाईंच्या बाहीवर. मासेवाली युफ्रोसिनी कमरेवर हात ठेवून बघत राहिली. पोरीची नोकरी गेली, असंच मला वाटलं.

"बाई," मिर्सिनी म्हणाली. "हात खिशात."

बाईंचा चेहरा लालबुंद झाला. "माझंच चुकलं गं," म्हणत त्यांनी हात खिशात कोंबले.

उरलेले दोन कप पोचवून मिर्सिनी स्ट्रातोससमोर उभी राहिली. "काका, दोन सांडले. परत करून द्या."

"कुणी सांडले?"

"माझ्या फेरीत सांडले."

स्ट्रातोसने दारातल्या बाईंच्या ओल्या बाहीकडे पाहिलं आणि कॉफी चढवली. या खेपेला ती एकटी निघाली. युफ्रोसिनीने कप डोळ्यांपाशी नेऊन फेस तपासला, घोट घेतला आणि म्हणाली, "उद्या साखर कमी घाल."

"उद्या रविवार आहे, मावशी."

"मग सोमवारी!"

नोकरी पक्की करून स्ट्रातोस मिर्सिनीला नवा ट्रे द्यायला निघाला, तर पोरीने नकारार्थी मान हलवली. "मला हाच हवाय."

घ्या! म्हणजे माझी सुटका नाहीच. आता मला नवी कडी बसवलीय, दांड्या मात्र अजून कुरकुरतात. रविवार सोडून रोज सकाळी सातपासून आम्ही बाजारात असतो. दिसलो तर वाट द्या, हाक मारा, हवं तर टिंगल करा. पण मी झुलताना दिसलो म्हणून धावून येऊ नका. तिने मला धरलंय, तेवढं पुरे आहे.